नुसत्या नावानं न उठणारे

३ जून, सोमवार

नात ऑफिसातून आली ती चपलांसकट पलंगावर आडवी. दवाखान्याचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम बिघडला म्हणे! बाहेरच्या पडद्यावर डॉक्टरांची नावं यायची, तो कोरा. आणि कंपायलर बदलू या हा हट्ट हिचाच. तिचा तो टकल्या साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, "जुन्यावर दहा वर्षं सुरळीत चाललं. शुक्रवारपर्यंत नीट कर, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

मी म्हटलं, आधी चपला काढ.

४ जून

कंपायलर म्हणजे काय, ते विचारलंच. "आजी, मी लिहिते ते यंत्राला चालेल असं करून देणारा." मग दोन कंपायलर दोन तऱ्हेचे कसे? "तेच तर शोधतेय गं!" — खेकसली माझ्यावरच! जेवली नाही. मी जेवले.

५ जून

सापडलं! नाचत स्वयंपाकघरात आली, पिठाचा डबा लवंडला. प्रोग्रामात एकेका डॉक्टरचा एकेक क्लास, म्हणजे शिकवणी नव्हे, प्रोग्रामचा वेगळा तुकडा. क्लास जागा झाला की आपल्या डॉक्टरचं नाव पडद्यावर चढवतो. जुना कंपायलर क्लासचं नुसतं नाव आलं तरी त्याला उठवायचा. नवा म्हणतो, काम असेल तरच उठवीन. म्हणजे सगळे गाढ झोपलेले आणि पडदा कोरा! प्रोग्रामच्या भाषेचं नियमांचं पुस्तक असतं म्हणे, त्यातही नव्याचंच बरोबर आहे.

मी म्हटलं, तुझा बाप अस्साच. हाका मारून माझा घसा बसायचा, हातात बादली दिली की मगच उठायचा.

पोट धरून हसली. दोनदा वाढून घेतलं. पीठ मीच भरलं.

७ जून, शुक्रवार

जिंकली! दोन्ही कंपायलर शेजारी शेजारी चालवून दाखवले. आता प्रत्येक क्लासला आधी मुद्दाम उठवायचं, मग पुढचं काम. दोन्हीकडे पडदा भरला! टकल्याचं तोंड एवढंसं झालं म्हणे. बरं झालं.

पण चहा पिताना हळूच म्हणाली, नुसत्या नावाच्या भरवशावर सोडलेल्या त्या ओळी मुळात साहेबानंच लिहिल्यात.

"मग बोलली का नाहीस गं?"

"त्यांना कळलंय, आजी."

कुणावर गेलीय ही! मी असते तर जिन्यात उभी राहून ओरडले असते.

१० जून

साहेबानं आज सगळ्यांना गोळा केलं आणि आपल्या तोंडानं सांगितलं — चूक माझ्या ओळींत होती, हिचा कंपायलर बरोबर. मग खुर्ची ओढून हिच्या शेजारी शिकायला बसला.

आजपासून त्याला टकल्या म्हणायचं बंद. टक्कल आहेच. पण बंद.