गिरजाबाईची अर्थिंग

माजरी,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. गिरजाबाईस,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला ओवाळून घेतलं आणि न जेवता ताटावरून उठलो. तुझा हा राग फोनवर दोन मिनिटांत निघणार नाही. शिवाय तुझ्या अंगणात टॉवर सापडत नाही. म्हणून पत्र.

माझी विजेची गाडी मुलचेऱ्यापर्यंत येते, पण परतायचं तर तिला रात्रभर वीज पाजावी लागते. तुझ्या बोर्डाला लावली तर चार्जरने लाल दिवा दाखवला: घराला अर्थिंग नाही. चुकार वीज जमिनीत उतरायला वाट नसेल, तर बाईसाहेब घोटभरही घेत नाहीत. उरलेल्या चार्जवर रस्त्यातलं स्टेशन गाठायचं म्हणून पळालो. एसी बंद, रेडिओ बंद, चढावर श्वाससुद्धा जपून घेतला.

कोळशाच्या गावात बिनधुराची गाडी घेतलेला शहाणा मी एकटाच. वीज मात्र त्याच कोळशाची. क्वार्टरखाली गाडी लावली की चारजण जमतात. किती देते, किती खाते, विचारतात. तुझी भावजय रुपाली वारल्यापासून मी काय खातो, ते कोणी विचारलेलं नाही.

लोभ आहे तसाच असू दे. त्याला तरी अर्थिंग लागत नाही.

तुझा भाऊ,
धनराज

मुलचेरा,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. धनराजास,
अ. उ. आ.

तुह्यासाठी रांधलेले मासे शेजारच्या लच्छूकडे गेले. तुले दोन शिव्या देऊनच दिले. पेट्रोलची गाडी होती तवा तू बूट न काढता चहा पिऊन पळे. मले वाटलं, हे गाडी तरी तुले मुक्कामी ठेवन. तर तिले जमीनच पाह्यजे म्हणे.

आता आयक. पत्रू वायरमनले बोलावलं, घरामागं खोल खड्डा खोदला. त्यात तांब्याची पट्टी, मीठ न कोळसा टाकला. जागा ओली राहाले पाह्यजे म्हणून मी रोज बादलीभर पाणी टाकून राह्यली. बाया इचारतात, बाई, इथी काय लावलं? मी सांगते, भाऊ पेरला, उगवते का पाहू.

तुहे भाऊजी गेले तवापासून घरातल्या दुसऱ्या खाटेवर मी वाळवण टाकते. ते उचलून ठेवलं आहे.

माया पातळ नको होऊ देऊ.

तुही बाई,
गिरजा

माजरी,
१ डिसेंबर २०२५

ती. बाईस,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. तुझी अर्थिंग गाडीला मानवली, लावताच हिरवा दिवा लागला. पण सकाळी पाहिलं तर गाडी अर्धीच भरलेली. तिकडची वीज म्हणजे मनाची राणी. म्हणून आणखी एक दिवस तुझ्या गळ्यात पडलो, इलाज नव्हता.

तू दिवसभर शेंगा सोलत बोलत होतीस, आणि टोपल्यात दाणे का वाढत नाहीत म्हणून मलाच विचारत होतीस. रुपालीचा विषय तू काढलास ते बरं केलंस. इथे तिचं नाव कोणापुढे घेऊ? घेतलं तर समोरचा घड्याळ पाहतो.

पत्रूला बोलू नकोस. लाईनच कमजोर असेल.

लोभ वाढवलास तर मी हरकत घेणार नाही.

तुझा,
धनराज

मुलचेरा,
९ डिसेंबर २०२५

चि. धनराजास,
अ. उ. आ.

बोलू नको म्हणलास, पण मी पत्रूले आडवं घेतलंच. बिचारा मीटर घेऊन आला, पुरं घर तपासलं. म्हणे, बाई, लाईन चांगली आहे, अर्थिंगबी चांगली आहे. अन त्या रातीले लाईट गेलीच नाई. माह्या देवापासचा बल्ब पहाटेपरेंत जळत होता.

मंग गाडी अर्धी काऊन राह्यली? चार्जरचं बटण तुह्या खाटेच्या उशाशी आहे. सकाळी मी अंगण झाडाले उठली तवा ते बंद दिसलं. मले वाटलं, गाडी भरली म्हणून तूच बंद केलं. तूच केलं होतं, पण भरली म्हणून नाई.

तुले मी हासत नाई. मीबी खड्डा खोदला, पण तोंडानं राहा म्हणलं नाई. आपण दोघंबी एकाच मायचे.

पुढच्या खेपेले गाडी तिथीच ठेव. एस.टी.नं ये. मंग इचारन कोणी, काऊन राह्यला, तर सांगाले काईच नसन, अन तरी तू राह्यशील.

तेवढी माया कर.

तुही बाई,
गिरजा