मूळ कागद

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आजही लिहिली नसती. पण काल संध्याकाळी माझ्या लेकीनं मला एक प्रश्न विचारला, मान जराशी तिरकी करून, अगदी तुमच्यासारखा, आणि मला उत्तर देता आलं नाही. तिला तुम्ही पाहिलेलं नाही, ती व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. अठरा वर्षांची आहे. इथं लंडनला, हाउन्सलोत वाढली, मराठी बोलते पण मोडकंतोडकं, तिच्या लेखी सगळी खुर्ची-टेबलं पुरुष आहेत. फुटबॉल मात्र अस्सल कोल्हापुरी खेळते. स्टॉपर आहे. समोरून कितीही पोरी येऊ देत, ही जागची हलत नाही, आणि बॉल काढून घेतल्यावर वर त्या पोरीला हात देऊन उठवते. तुमच्या तालमीच्या टीममध्ये असा स्टॉपर असता तर तुम्ही घरी जेवायलाही आला नसता.

तिला अमेरिकेतल्या एका कॉलेजनं बोलावलं आहे. चार वर्षं शिक्षण, राहणं, जेवण सगळं त्यांचं, आणि हिनं त्यांच्या मुलींच्या संघातून खेळायचं. तुम्ही आता भुवया चढवल्या असणार. मीपण चढवल्या. कोण कुठलं कॉलेज, त्यांनी आमच्या पोरीला व्हिडिओवर वीस मिनिटं बघितलं आणि घर-दार द्यायला निघाले, हे माझ्या पचनी पडेना. मध्ये एक एजंट आहे. क्लबच्या मॅचला टचलाइनवर उभा असायचा, भारी जाकीट, सारखा हसायचा. मला जास्त हसणारा माणूस बघितला की पर्स काखेत घट्ट धरावीशी वाटते. हे सगळं तुमच्याकडूनच आलेलं आहे. एअरपोर्टच्या कार्गोत मी दिवसभर दुसऱ्यांचे कागदच तपासते, शिक्का जरा फिकट दिसला की बॉक्स बाजूला. मॅनेजर म्हणतो, तुला हे कुणी शिकवलं. मी म्हणते, घरचंच आहे.

शाळांच्या स्पर्धेत तुमचं टेबल पॅव्हेलियनच्या पायरीशी असायचं. तुम्ही आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर, पण स्पर्धेपुरते सगळ्या जिल्ह्याचे तपासनीस. मी शेजारी स्टुलावर बसून फॉर्मवर दगड ठेवायचे काम करते आहे, वारा आहे. एक गोलकीपर येतो, त्याला मिशी आहे, फॉर्मवर वय चौदा. बोनाफाइड आहे, हेडमास्तरांची सही आहे, सगळं जिथल्या तिथं. तुम्ही कागद उलटा ठेवता आणि म्हणता, "तुझ्या वर्गाच्या खिडकीतनं काय दिसतंय रं?" तो म्हणतो, "मैदान, सर." तुम्ही म्हणता, "तुझ्या शाळेला मैदान असतं तर तुमचं हेडमास्तर रोज मैदान मागायला आमच्या दारात कशाला आलं असतं? जा घरला." कागद कुणीही आणू शकतं, पण वर्गात बसल्याशिवाय खिडकी कळत नाही, असं तुम्ही नंतर मला समजावलंत. तालमीतली माणसं तुम्हाला घाबरायची आणि माघारी शिव्या घालायची. मला तुमचा फार अभिमान वाटायचा.

मग माझा फॉर्म त्या टेबलावर आला. मी पंधरा-सोळा वर्षांची, मुलींचा फुटबॉलचा संघ पहिल्यांदाच निघत होता, निवड झाली तर थेट कलकत्त्याला जायचं होतं. वयाची अट अशी की एक जुलैनंतर जन्मलेली हवी. मी जन्मले ऑगस्टात, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आई दरवर्षी त्या दिवशी मला ओवाळायची आणि आदल्या दिवशीचा नारळीभात गरम करून वाढायची. पण शाळेच्या रजिस्टरात माझी तारीख एक जून. मला पहिलीत घालायचं होतं, वय दोन-अडीच महिने कमी पडत होतं, म्हणून ती तारीख लिहिली गेली. आपल्याकडे निम्मा वर्ग एक जूनलाच जन्मलेला असायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. आणि माझी तारीख कुणी लिहिली होती, अण्णा? तुम्ही. तुमच्याच अक्षरात आहे ती. तरी तुम्ही माझा फॉर्म वाचलात, तारखेवर बोट ठेवलंत आणि लाल शाईनं अपात्र लिहिलंत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. घरी आल्यावर मी जेवायला बसेना तेव्हा म्हणालात, "कागदावर हाय ते खरं. रडायचं असंल तर मोरीत जाऊन रड." मी गेले मोरीत. आई बाहेरून दार वाजवत होती.

लग्न होऊन मी इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही मला निळी प्लास्टिकची फाइल दिलीत. बाकीच्यांनी साड्या दिल्या. फाइलमध्ये माझे सगळे दाखले, प्रत्येकाच्या तीन-तीन सत्यप्रती, तुमच्या ओळखीच्या अधिकाऱ्याचे शिक्के मारलेल्या. म्हणालात, "झेरॉक्स कुणालाबी दे. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा न्हाई, नवऱ्याच्यासुद्धा." नवऱ्याच्या देखत म्हणालात. ते अजून त्यावरून मला चिडवतात. ती फाइल आजही आमच्या कपाटात टॉवेलांच्या मागं आहे, आणि लेकीचे कागदही मी त्यातच ठेवत आले.

तर एजंट. त्याचा पत्ता मी कॉम्प्युटरवर शोधला तर इल्फर्डला नखं रंगवायच्या दुकानाचा फोटो आला. मी सुट्टीच्या दिवशी उठून इल्फर्ड गाठलं, कुणाला न सांगता. दुकानावरच खोली निघाली. एक टेबल, एक केटल, भिंतीवर पोरापोरींचे फोटो. जाकीट खुंटीला होतं आणि माणूस लंगडत होता, गुडघा गेलेला, स्वतः खेळायचा म्हणे. चहा केला त्यानं. मी म्हटलं, तुम्ही एवढं हसता का? तो म्हणाला, "मॅडम, सगळे आईबाप मला चोर समजूनच येतात, मग मी काय करू?" मग त्यानं नीट समजावलं. तिचा खेळ मी दाखवू शकतो, मार्क मी दाखवू शकत नाही. तिकडे एक ऑफिस आहे, ते नववीपासूनचा प्रत्येक निकाल बघतं, पास आणि नापास दोन्ही, आणि त्यांनी पात्र म्हटल्याशिवाय कोच काहीही करू शकत नाही. कागद शाळेनं पाठवायचे, घरच्यांनी पाठवलेले चालत नाहीत. तुमची झेरॉक्स, तुमचे शिक्के, काही उपयोग नाही, अण्णा. मला ऐकून धक्काच बसला.

आणि इथंच घोडं अडलं. लेक दहावीच्या गणितात पहिल्यांदा नापास झाली होती. पुन्हा बसली, शाळेबाहेरच्या केंद्रातून, आणि चांगली पास झाली. बाहेरून बसल्यामुळे ते सर्टिफिकेट शाळेकडे न येता घरी पोस्टानं यायचं होतं. शाळेतल्या मॅडमना ते मूळ बघून पुढं पाठवायचं होतं. तेवढा एक कागद राहिला होता. या शुक्रवारपर्यंत गेला नाही तर कोच जागा दुसऱ्या मुलीला देणार. लेक रोज कामावर मला मेसेज करायची, "आई, माझा सर्टिफिकेट आला का?" मी लिहायचे, नाही गं. तिनं परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं, ते म्हणाले आम्ही पाठवलंय, हरवलं असेल तर नवीन काढायला सहा आठवडे.

मधल्या एका रविवारी कोच बाई व्हिडिओवर आल्या. चाळिशीच्या, केस ओले, मागं कपाट. फार गोड बोलत होत्या, त्यामुळे मी आणखीच सावध. मी विचारलं, तुमच्या मुली अभ्यासाला बसतात त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं? लेकीनं कपाळावर हात मारला. "आई, प्लीज." कोचनी लॅपटॉप उचलला, जिना चढल्या, एक दार उघडलं आणि खिडकीशी धरला. गाड्या लावायची जागा, कचऱ्याचे चार डबे, कडेला काळपट पडलेल्या बर्फाचा ढीग. म्हणाल्या, "सॉरी, माहितीपत्रकात तळं आहे, पण तळ्याला बसनं वीस मिनिटं लागतात. या खोलीत रोज दोन तास बसावंच लागतं, मार्क घसरले की मी मॅचला बाहेर बसवते, मग ती कितीही चांगली खेळू दे." अण्णा, तुम्ही त्या बाईला तिथल्या तिथं पात्र ठरवलं असतं. मी पण ठरवलं. त्या दिवसापासून माझ्याकडे संशय घ्यायला कुणी उरलं नाही.

आणि तरी सर्टिफिकेट आलं नव्हतं. म्हणजे मी तसं सांगत होते. ते मार्चमध्येच आलं होतं. माझी सुट्टी होती, पोस्टमननं जाड पुठ्ठ्याचं पाकीट दारातून आत टाकलं, वर लिहिलेलं, दुमडू नये. मी उघडलं, गणित बघितलं, नऊपैकी सहा, मनातल्या मनात तिची दृष्ट काढली, आणि निळ्या फाइलमध्ये ठेवून दिलं. एजंटाची खात्री होईपर्यंत, दोनच दिवस, असं ठरवलं होतं. मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही. मग इल्फर्ड झालं, मग खिडकी झाली, आणि मी रोज टॉवेल काढताना त्या फाइलकडे बघून कपाट लावत होते.

काल बुधवारी ती शाळेतून आली, किचनमध्ये माझ्यासमोर बसली. मी पोह्यांना कांदा चिरत होते. ती रडली नाही. म्हणाली, "आई, मी कोचला मेल करते. दुसऱ्या मुलीला दे म्हणते. तिचा पण वेट होत असेल ना. इट्स ओके." आणि अण्णा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एक क्षणच. पोर घरात राहील. शनिवारी तिचे चिखलाचे मोजे मीच धुवेन. तेव्हा मला तुमचा चेहरा आठवला. संघ कलकत्त्याला निघाला त्या सकाळी तुम्ही शाळेत गेला नाहीत. गरम शेंगा आणल्यात, माझ्याशेजारी बसून सोलून माझ्या हातावर ठेवत राहिलात आणि म्हणालात, "बरं झालं की. घरात हाईस." मी ते तुमचं सांत्वन समजले होते. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, माझ्या वडिलांनी सख्ख्या मुलीलाही सोडलं नाही, असा माणूस. रागानं सांगायचे आणि वर अभिमानानंही. तुम्ही एवढंच म्हणायचं होतं, की तारीख मी चुकीची लिहिली. नोकरीची भीती होती का? असेलही. पण काल कांदा चिरताना मला जे वाटलं, तेच तुम्हाला शेंगा सोलताना वाटत होतं, अशी मला आता दाट शंका आहे, आणि ती शंका तपासायला तुम्ही नाही.

मी हात धुतले, कपाट उघडलं, टॉवेलांच्या मागून फाइल काढली आणि सर्टिफिकेट तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "फाइलमध्ये सापडलं बघ." तिनं ते दोन्ही हातांनी उचललं, पुढून बघितलं, मागून बघितलं. आनंद झाला तिला, तो दिसला मला. मग मान तिरकी केली.

"याचा एन्व्हलप कुठे आहे?"

मी म्हटलं, "फेकलं असेल."

"कधी?"

पोहे भिजत घातलेले होते, मी ते निथळायला घेतले. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, तुम्ही त्या मिशीवाल्या गोलकीपरकडे बघितलं होतंत तशी. "ओके," म्हणाली आणि वर गेली. आज सकाळी तिनं ते शाळेत नेलं. दुपारी मॅडमनी पाठवलं, एक दिवस शिल्लक ठेवून. मला मेसेज आला, नुसता, "सेंट." नेहमीचे बदाम नव्हते.

ऑगस्टात ती जाईल. नारळी पौर्णिमेच्या आसपासच. तोवर तिला सांगायला हवं, कळतंय मला, आणि सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. तुम्हालाही कळलं नसणार. ते पाकीट मी फेकलेलं नाही, अण्णा. फाइलच्या मागच्या कप्प्यात आहे, पोस्टाचा मार्चचा शिक्का स्वच्छ दिसतोय. हे पत्र त्यातच ठेवते आहे, आणि पाकिटावर तिचंच नाव आहे.