पुढच्या सीटवर आई

प्रिय स्पृहा,

मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस की राजीनामा लिहून तयार आहे, आता फक्त द्यायचा बाकी आहे, आणि मी म्हटलं रविवारपर्यंत थांब. का थांब ते काही सांगितलं नाही, म्हणून तू चिडून फोन ठेवलास. आता रविवार झाला आणि मी सुटले गं बाई. मांड्या इतक्या भरून आल्यात की खाली बसवत नाही, म्हणून ओट्याशी उभी राहून हे लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस. काल मी तुझ्या बाबांना सायकलवर बसवून कर्जतच्या पुढे पेज नदीपर्यंत नेलं आणि धड परत आणलं. दोन सीटांची सायकल, पुढच्या सीटवर मी आणि मागच्या सीटवर ते. हे वाक्य परत वाच. मीसुद्धा लिहून झाल्यावर दोनदा वाचलं.

बाबांचं तुला माहीतच आहे, पण तू नोकरीसाठी चंद्रपूरला गेल्यानंतरचं सगळं मी तुला सांगितलेलं नाही. काचबिंदूने उरलीसुरली नजर नेली तेव्हा ते रडले नाहीत की ओरडले नाहीत, नुसते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि तिथलेच झाले. छापखान्यात उभा जन्म उभ्याने काढलेला माणूस. संध्याकाळी चाळीतले लोक गप्पा मारायला यायचे, त्यांच्याशी हूं-हूं करायचे. नजर होती तेव्हा लालबागच्या सायकल ग्रुपमध्ये बाबांची जागा कायम शेवटची असायची. पुढचा खड्डा दाखवणार आणि शेवटचा मागून येणाऱ्या गाड्यांची आरोळी देणार, असा त्यांचा शिरस्ता. बाबा त्यात इतके मुरलेले की आपण सगळे नाक्यावर भाजी आणायला निघालो तरी मागून "ट्रक" म्हणून ओरडायचे, आणि तू लाजून पुढे पळायचीस. ती आरोळी बंद झाली आणि घरात एक माणूस कमी झाल्यासारखं वाटायला लागलं.

ग्रुपमधल्या निलेशने ही दोन सीटांची सायकल कुठूनशी मिळवली. तो आठवडाभर टेम्पोने भायखळ्याला भाजी पोचवतो आणि रविवारी त्याच टेम्पोत सायकली घालून सगळ्यांना कर्जत-मुरबाडकडे घेऊन जातो. त्याने पुष्कळ विनवलं. बाबा म्हणाले, परक्या माणसाच्या मागे डोळे मिटून बसायला मी काय गोणपाट आहे? मी सहज विचारलं, माझ्यामागे बसाल का? तर कितीतरी महिन्यांनी हसले. म्हणाले, तुला सायकल कुठे येते? माझ्या हट्टी स्वभावाला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. दुसऱ्याच दिवशी मी शिकायला सुरुवात केली.

शिकवलं कोणी, तर किर्तीने. ग्रुपमधलीच, वरळी कोळीवाड्याची, दादरच्या बाजारात मासे विकते ती. सकाळी धंद्याला बसायच्या आधी माटुंग्याच्या पाच उद्यानांजवळ माझ्यामागून सायकल धरून धावायची. लालबागपासून इतक्या लांब शिकायला जायचं कारण, चाळीतल्या बायकांनी बघू नये. पण चाळीत काय लपतं? तिसऱ्या दिवशी राधावहिनींनी गॅलरीतूनच विचारलं, अंबिका, आता ऑलिम्पिकला का? किर्तीची शिकवण म्हणजे मासे तोलल्यासारखी, चोख आणि कडक. "काकी, खाली काय बघतेस, रस्ता पळून जात नाय. पुढं बघ." पडले तेव्हा उचलायला हात दिला नाही, म्हणाली उठता येतं का ते बघू दे. आधी रागावले, मग कळलं की बरोबर होतं. मुलीच्या वयाच्या बाईचं ऐकताना मला काही कमीपणा वाटला नाही, उलट तू जवळ असल्यासारखं वाटलं.

मी शिकले, पण बाबा काही हलेनात. आज कंबर, उद्या सर्दी, परवा एकादशी. शेवटी मी गणपतीतल्यासारखं नारळ हातात धरून देवापुढे गाऱ्हाणं घातलं की बा म्हाराजा, ह्या माणसाला एकदा घराबाहेर काढ. शेवटचं "होय म्हाराजा" म्हणायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून तेही मीच म्हटलं. आणि पुढच्याच आठवड्यात एका सकाळी चहा पिता पिता बाबा म्हणाले, निलेशला सांग, या रविवारी येतो. मी मनात म्हटलं, देव लालबागचाच दिसतो, लगेच ऐकलं.

कर्जतला टेम्पोतून सायकल उतरली तेव्हा तिला कोथिंबिरीचा वास येत होता. हिवाळ्यातला तिकडचा रस्ता तू पाहायला हवास. भात कापून झालेलं, त्याच जमिनीत वाल पेरलेला, रस्ता थोडा चढतो, थोडा उतरतो, उगाच कुणाची परीक्षा बघत नाही. पण मला तेवढ्यानेही घाम फुटला. या सायकलीचं असं की दोघांचे पाय एकाच साखळीला बांधलेले. मी पाय थांबवला की त्यांचाही थांबतो, मी घाबरले की त्यांना पावलातून कळतं. पहिल्या उतारावर मी न सांगता पाय रोखले आणि बाबांचा गुडघा असा काही हिसकला की मागून थेट मालवणी सुरू झाली. तुला माहीत आहे, बाबा चिडले की मालवणीत शिरतात. खरं सांगू, ती शिवी ऐकून मला इतकं बरं वाटलं.

पुढे माझा मूर्खपणा झाला तो सांगते. किर्तीने मला ग्रुपच्या सगळ्या खुणा पढवल्या होत्या. खड्डा आला की डावा हात खाली करून बोट दाखवायचं, म्हणजे मागच्याला कळतं. मी शहाण्या मुलीसारखी प्रत्येक खड्ड्याला बोट दाखवत चालले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला बाबा मागे आदळत होते. कडाव गावाच्या पुढे त्यांनी विचारलं, रस्ता एवढा खराब आहे तर सांगत का नाहीस? मी म्हटलं, दाखवतेय की मघापासून. मागून ते म्हणाले, "अगो, बोटान दाखयतंस? माका दिसता काय?" आणि दोघंही असे हसायला लागलो की सायकल वाकडीतिकडी व्हायला लागली, शेवटी एका चिंचेखाली थांबावं लागलं. मागून किर्ती आली, तिला वाटलं आम्ही पडलो. तिला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा जास्त ओशाळली, कारण शिकवताना तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. आंधळ्या माणसाचं नाव निघालं की घरात सगळे आवाज खाली आणतात ना, तसं तिथे झालं नाही. पहिल्यांदाच आम्ही त्या गोष्टीवर हसलो.

त्यानंतर मी तोंडाने बोलायला लागले. खड्डा डावीकडे, गतिरोधक, म्हैस, लग्नाचा मांडव. बाबांनीही मागची जबाबदारी घेतली. "मागसून टेम्पो," अशी खणखणीत आरोळी आली आणि माझ्या अंगावर काटा आला. लोक म्हणतात नजर गेली की कान तीक्ष्ण होतात, पण तसं काही समजू नकोस. एका ठिकाणी ते छातीठोकपणे म्हणाले, नदी आली. नदी कसली, शेतातल्या पंपाचं पाणी पाटात पडत होतं. मी तसं सांगितलं तर म्हणाले, मग लवकर आण नदी. चढावर दोघं मिळून रेटत होतो, आणि मला वाटलं, इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एकाच दिशेने एवढं बळ कधी लावलं नसेल.

नदी आली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. गावातल्या बाया कपडे धूत होत्या, पलीकडे पोरं डुंबत होती. आम्ही बूट काढून पाय पाण्यात सोडून बसलो. निलेश आणि किर्ती वालाच्या शेंगा घ्यायला गावात गेले होते. बाबांचे तळहात बघितले तर लालबुंद, वळ उठलेले. विचारलं, हे काय? म्हणाले, निघाल्यापासून दांडा असा धरला होता की सुटेना. कर्जतपासून इथपर्यंत जीव मुठीत धरून बसलो होतो. मी म्हटलं, मग आलात कशाला? घरी तर म्हणत होतात, मनापासून येतो. त्यावर ते जे बोलले ते ऐकून मी गार पडले. स्पृहा, त्यांना सगळं माहीत होतं. तुझा फोन आला की मी गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायचे, आणि खिडकीशी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या खेपेला परीक्षा पास होऊन मिळवलेली नोकरी, गावोगावी पाणी शोधायचं काम, आणि ती तू त्यांच्यासाठी सोडणार, हे त्यांनी तुझ्या राजीनाम्याच्या पहिल्या फोनलाच ऐकलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी चहा पिता पिता निलेशला होकार कळवला. मी मात्र नारळाला श्रेय देत बसले.

तुझ्याविषयी म्हणाले, "चेडू माझ्यापायी इला आणि घरात बसला, तर मगे मी खरोच आंधळो झालंय." एवढंच. मी रडले, आणि आवाज दाबला नाही. त्यांनी माझा खांदा चाचपून धरला. मग म्हणाले, हे तिला फोनवर सांगू नकोस, फोनवर ती वाद घालते, तोंड उघडू देत नाही. लिहून पाठव, म्हणजे शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. म्हणून हे पत्र, बाळा. तो राजीनामा फाडून टाक. पुढच्या रविवारी आम्ही परत जाणार आहोत. बाबांना अजून भीती वाटते आणि मलाही वाटते, पण तुझ्या येण्याची जेवढी वाटत होती तेवढी नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये, आम्हाला भेटायला ये, आम्हाला सांभाळायला नको. आता हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. गोणपाटाचं खोडायला सांगत होते, मी खोडलं नाही. खाली त्यांनी स्वतः सही केली आहे, कागदाबाहेर गेली तर समजून घे.

तुझीच,
कालपासून पुढे बसणारी आई

आणि मागून, दत्ताराम