स्टेटमेंटवर दिसणारे नाव

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
कुईंऽऽ, कुईंऽऽ. जाग आली तीच या आवाजाने. शाळेत भूगोलाच्या सरांच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरताना असा रडायचा. सर एका बोटाने तो फिरवायचे आणि खंड समोर येतील तसे आम्ही ओरडायचो. पुढचा तास कवितेचा. तीही ओरडूनच. तेव्हापासून माझ्या डोक्यात पृथ्वी आणि कविता एकाच चालीत बसल्या आहेत. तो गोल आमच्याच कारखान्यातला, वडिलांनी केलेला. वडील म्हणायचे, तेल कमी पडले होते. मी म्हणतो, करुण रस होता.
आज तो आवाज ऐकू यायला कारण घडले. काल लेक येऊन गेली. म्हणाली, बाबा, शाळा आता गोल घेत नाहीत. घेणारे लांबलांबचे हौशी लोक आहेत, त्यांना वेबसाइटवर कार्डाने पैसे भरायचे असतात. ३१ मार्चपर्यंत कार्ड घेणारी एखादी कंपनी निवडा आणि धंदा चालू करून दाखवा. नाहीतर खालची खोली दातांच्या डॉक्टरला भाड्याने. तो तयारच आहे.
खालची खोली म्हणजेच कारखाना.
मी शांतपणे म्हणालो, आठवड्यात निवडतो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, लग्नाच्या वेळी मुलगी बघून गेल्यावर दीड वर्ष कळवलं नव्हतं यांनी.
घाबरलेलो नाही. नुसती छाती जरा धडधडते आहे. जिना चढलो होतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
अभ्यासाला आरंभ. या कंपन्यांना पेमेंट गेटवे म्हणतात. नावापासूनच धडकी. गेटवे म्हणजे वेस. वेशीवर कोण उभे असते हे सर्वांना ठाऊक आहे.
तीन कंपन्या निवडल्या. नावे लक्षात राहत नाहीत म्हणून रंगावरून ओळखतो. निळी: दर व्यवहारामागे कमी कापते, पण कागदपत्रे इतकी मागते की आमचे लग्न याहून कमी चौकशीत झाले. हिरवी: काही विचारत नाही, पण विक्री होवो न होवो, दर महिन्याला भाडे. केशरी: कापते बेताचे, पण पैसे आठवडाभर स्वतःजवळ ठेवते. कशासाठी ठेवते? आठवडाभर काय करते त्यांचे?
शेजारच्या चावीवाल्याकडे हिरवी आहे. म्हणाला, काका, डोळे मिटून कोणतीही घ्या. मी म्हणालो, डोळे मिटून फक्त कविता म्हणतात. म्हणाला, मग उघडे ठेवून घ्या, पण घ्या.
व्यवहारी माणूस. शाळेत कविता ऑप्शनला टाकली असणार.

९ फेब्रुवारी, सोमवार.
निळीच्या अटी मोठ्याने वाचल्या. माझी पद्धत अशी की कोणताही मजकूर चालीवर म्हणून पाहायचा. खोटे असेल तिथे चाल अडखळते. पहिली तीन पाने छान गेली. चौथ्या पानावर 'आम्हाला योग्य वाटल्यास, कोणतेही कारण न देता, आपले खाते गोठवण्यात येईल' ही ओळ आली आणि हात गार पडले.
हिला म्हणालो, आज हवेत गारवा आहे. ही म्हणाली, गारवा कुठला, तुमच्या गोलांसाठी मोठा पंखा लावलाय, त्याच्यासमोर बसलायत तुम्ही.
निश्चय: उद्या निळीचे काम पुरे करणे. कसले भय?

१२ फेब्रुवारी, गुरुवार.
निळीला माझा चेहरा बघायचा होता. फोनमध्ये एक लंबवर्तुळ येते, त्यात तोंड घालायचे. डावीकडे बघा. उजवीकडे बघा. एकदा डोळे मिचकावा. माझे डोळे तेव्हा न थांबता मिचकावत होते. शेवटी यंत्राने निकाल दिला, 'व्यक्ती आढळली नाही.'
ही म्हणाली, मला जे कळायला चाळीस वर्षं लागली ते त्याला एका नजरेत कळलं.
निळी बाद. माणसाला न ओळखणाऱ्यांशी व्यवहार नको. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.
दातांचा डॉक्टर खोली बघायला आला. हसतमुख. मला हसतमुख दंतवैद्यांची जास्त भीती वाटते. वाळणारे गोल जिथे आकड्यांना टांगलेले असतात, नेमका त्यांच्याखाली उभा राहून म्हणाला, खुर्ची इथे बसेल. मी सांगितले, वर ओली पृथ्वी आहे, जरा सरका. सरकला, आणि सरकलेल्या जागेवरून म्हणाला, वॉशबेसिन इथे.
जाताना माझ्याकडे पाहून म्हणाला, काका, खालची डावी दाढ दुखते का? मी म्हणालो, नाही. तेव्हापासून दुखते आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार.
हिरवीही बाद. विक्री नसताना भाडे म्हणजे गाणे नसताना टाळ्या.
केशरीला फोन लावला. हातात फोन धरवेना, म्हणून टेबलावर ठेवून लांबून बोललो. पलीकडे एक मुलगी. पहिलाच शब्द 'काका'. आवाजात माया. मी धीर करून आमचा रिवाज सांगितला. कागदाच्या लगद्याचा गोळा, त्यावर प्लास्टर, त्यावर छापील नकाशाच्या पाकळ्या, त्यावर व्हार्निश, आणि मग टांगून वाळवणे. पूर्ण वाळून डब्यात गेल्याखेरीज गिऱ्हाइकाचा पैसा घ्यायचा नाही. वडिलांचा नियम. ओल्या पृथ्वीचे पैसे घेऊ नयेत.
ती म्हणाली, काही हरकत नाही काका, ऑर्डर आली की पैसे कार्डावर नुसते अडवून ठेवायचे आणि माल निघाला की एक बटण दाबून घ्यायचे.
कधी नव्हे ते कुणीतरी वडिलांचा नियम समजून घेतला. डोळे भरून आले. केशरी नक्की.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ.
केशरीचे खाते उघडत बसलो होतो. एक रकाना आला: 'ग्राहकाच्या स्टेटमेंटवर दिसणारे नाव. आपल्याला हवे ते लिहा.'
हवे ते. किती वर्षांनी कुणी असे विचारले.
कारखान्याचे नाव आहे 'ग्लोब वर्क्स'. रुक्ष. वडिलांनी ठेवले, त्यांना नादाचे अंग नव्हते. मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले. मग जे नाव तरुणपणी माझ्या साऱ्या कवितांखाली घातले होते, जे या जगात फक्त माझे आहे, ते एकेक अक्षर शोधून लिहिले. अनामिक वाटसरू.
गिऱ्हाइकाच्या हिशेबाच्या कागदावर, किराणा आणि विजेच्या बिलामध्ये, अचानक एक कवितेची झुळूक. किती बरे वाटेल त्यांना.
हिला सांगितले नाही. लेकीलाही नाही. सगळेच सगळ्यांना कळते असे नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार.
वेबसाइट चालू. लेकीने फोनवर तंबी दिली: बाबा, एक लक्षात ठेवा, कंपनीच्या नावाने घाबरवणाऱ्या मेल येतात, 'ताबडतोब इथे क्लिक करा' म्हणून. कुठल्याही लिंकवर बोट ठेवायचं नाही. सगळं लुटून नेतात.
ही तंबी मनोमन पटली. मी तसा निर्भय आहे, पण बेसावध नाही.

६ मार्च, शुक्रवार.
ऑर्डरी येत आहेत. खरोखर येत आहेत. एक निवृत्त बाई, एक जहाजावरचा इंजिनिअर, एक बालवाडी. कार्डावर पैसे अडवले. पृथ्व्या टांगल्या. वाळल्या. आज पहिल्या खेपेचे डबे पाठवून बटण दाबले. दाबताना डोळे मिटले होते, तरी बरोबर दाबले गेले.
चावीवाला म्हणाला, काका, जमलं की. मी म्हणालो, न जमण्यासारखे काय होते. दाढ दुखायची थांबली.

१० मार्च, मंगळवार.
अजून ऑर्डरी. आकडे पुरेनात, दोन गोल कपड्यांच्या दोरीला टांगले. ही म्हणाली, माझा गाऊन कुठाय? महासागराच्या मागे होता.
दंतवैद्याला निरोप धाडावा काय, की अन्यत्र खोली पाहावी? इतक्यात नको. उगाच उन्माद नको. पण निरोपाचा मजकूर तयार केला. शार्दूलविक्रीडितात.

१६ मार्च, सोमवार.
मेल आली. 'आपल्या व्यवहारावर वाद दाखल झाला आहे. पुरावा सादर करण्यासाठी ताबडतोब इथे क्लिक करा.'
लेकीची तंबी आठवली आणि हसूच आले. मी कसले बोट ठेवतो. फोन उपडा करून उशीखाली ठेवला.

१८ मार्च, बुधवार.
तशाच आणखी मेल. 'अंतिम मुदत.' 'त्वरित.' चोर किती चिकाटीचे असतात. एकाने तर बालवाडीची ऑर्डर नावानिशी लिहिली आहे. कुठून कळले असेल? घराच्या खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या फुटपाथवर एक माणूस बराच वेळ उभा होता. नंतर बस आली, त्यात बसून गेला. तरी.
निश्चय: एकही लिंक न उघडणे. मोह कितीही होवो.
फोन वाजला की ही म्हणते, उचला. मी म्हणतो, तेच असतील. ही म्हणते, माझी बहीण असेल. उचलल्यावर बहीणच असते, पण दर वेळी असेलच असे नाही.

२० मार्च, शुक्रवार.
केशरीकडून पैसे आलेच नाहीत. आठवडा उलटला. सुट्ट्या असतील. मुलीचा आवाज इतका मायाळू होता.
दाढ पुन्हा.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.
लेक आली. फोन मागितला. मी अभिमानाने दाखवले, बघ, इतके चोर आले, एकालाही दाद दिली नाही. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. म्हणाली, बाबा, या खऱ्या आहेत.
मग तिने त्या निवृत्त बाईंना फोन लावला. स्पीकरवर. बाई म्हणाल्या, गोल फारच देखणा आहे हो, रोज फिरवते. पण ते पैसे? ऑर्डर देऊन आठवडा झाला, मी विसरूनही गेले होते, आणि मेसेज आला, 'अनामिक वाटसरू' यांनी आपल्या कार्डावरून पैसे घेतले. आमचे हे म्हणाले, कोण हा वाटसरू, आणि तू त्याला पैसे का देतेस? तीन दिवस बोलत नव्हते. मग आम्ही दोघांनी मिळून बँकेत चोरीची तक्रार केली.
जहाजावरच्या इंजिनिअरने कार्डच बंद करून टाकले होते. बालवाडीने पालकांची सभा घेतली.
लेकीने फोन खाली ठेवला आणि विचारले, हे नाव कुणी घातलं?
मी खिडकीबाहेर पाहिले.
ही म्हणाली, तुझंच नाव वाटसरू ठेवा म्हणत होते, मी आडवी पडले म्हणून वाचलीस. पण ही इतक्या सावकाश बोलली की टोमणा लागला नाही. नंतर पाणी आणून दिले.
पुरावा द्यायची मुदत परवाच संपली. मी तर साऱ्या मुदती प्राणपणाने चुकवल्या.
तरी घाबरायचे कारण नाही. माणसे आहेत, समजून घेतील. उद्या सविस्तर पत्र लिहीन. अक्षरगणवृत्त नको. साधे.

२९ मार्च, रविवार.
पत्र लिहिले. केशरीचे उत्तर क्षणात आले. 'आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे.' माणसाने लिहिलेले नाही. चालीवर म्हणून पाहिले. कुठेच अडखळले नाही. म्हणजे माझी पद्धतही गेली.

३१ मार्च, मंगळवार. सकाळ.
केशरीने खाते बंद केले. कारण दिले आहे, निळीपेक्षा तेवढे बरे: 'संशयास्पद व्यापारी'. अडवलेले पैसे सगळ्यांचे सगळ्यांना परत. गोल त्यांच्याकडेच. जगभर माझ्या पृथ्व्या फुकट फिरत आहेत.
दंतवैद्याची माणसे येऊन आकडे काढून गेली. भिंतीला भोके उरली. डॉक्टर स्वतः पाचला किल्ली न्यायला येणार. लेक म्हणाली, बाबा, वरच्या गॅलरीत एका वेळी एक गोल वाळेल. मी म्हणालो, एकच पृथ्वी असते, पुरे. हे वाक्य चांगले जमले.

तोच दिवस. दुपार.
बेल वाजली. पाचला वेळ होता. दंतवैद्य नव्हे. मग पोलीस. बालवाडीने धाडले असणार. हिला म्हणालो, तू उघड. ही म्हणाली, माझे हात पिठाचे आहेत. मनात जबानी तयार केली, गेलो आणि साखळी न काढता फटीतून पाहिले.
एक म्हातारा. माझ्याहून म्हातारा. खांद्याला पिशवी, हातात एक पातळ पिवळे पुस्तक. आमच्या एका डब्यावरचा पत्ता फाडून आणला होता. धापा टाकत म्हणाला, इथेच राहतात का ते कार्डावरून पैसे घेणारे? मी म्हणालो, आपण कोण?
त्याने पुस्तक फटीतून आत दाखवले. कवितासंग्रह. मी पहिली कविता लिहिली त्याच्या नऊ वर्षे आधी छापलेला. खाली कवीचे नाव.
म्हणाला, नातवाने माझ्या कविता इंटरनेटवर टाकल्या आहेत, खाली नंबर दिलाय, रसिकांनी अभिप्राय कळवावा म्हणून. इतक्या वर्षांत एकही फोन नव्हता. आता रोज येतात, कार्डावर आलेले नाव शोधून. एक बाई, तिचा नवरा, एक बालवाडी. एक जण तर थेट जहाजावरून. सगळे चोर म्हणतात. शेवटी त्या बाईंच्या डब्यावरून हा पत्ता घेतला.
मला साखळी काढता येईना.
ही आतून ओरडली, कोण आहे हो?
मी सांगितले, अनामिक वाटसरू.
ही म्हणाली, ते घरातलं मला ठाऊक आहे. दारात कोण आहे ते विचारते आहे.