टाइपरायटरचा स्क्रूड्रायव्हर

नेमबाज बाईसाहेब,

तुझं एअर पिस्तूल माझ्या टेबलावर उघडं पडलंय. किंचाळू नकोस. आत छर्रा नाही, हवा सोडलीय, हे तीनदा तपासलं आणि मगच हात लावला. मुठीखालचा तो हट्टी स्क्रू सुटला! "हा आता जन्मात निघायचा नाही" म्हणणाऱ्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग.

दोष स्क्रूचा नव्हताच. तुझ्या बाबांच्या सगळ्या स्क्रूड्रायव्हरांची टोकं पाचरीसारखी, खाचेच्या तळापर्यंत जातच नाहीत, जोर लावला की निसटतात. टाइपरायटरच्या स्क्रूड्रायव्हरचं पातं मात्र टोकापर्यंत सारखं पातळ असतं. तीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले मी, आणि हे आज चहा पिताना आठवलं! माझ्याकडचे दहा लावून पाहिले. अकरावा चपखल बसला, स्क्रू जरा कुरकुरला आणि फिरला. घरात एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

हवा गळत होती ती एका चिरलेल्या रबरी रिंगेतून. तीच आणायला चाललेय. संध्याकाळी दोघी मिळून जोडू. रविवारची निवड चाचणी तू तुझ्याच पिस्तुलानं देणार. भाग ओळीनं मांडलेत, हलवू नकोस.

दादा, तुझ्या लेकीच्या आधी ही चिठ्ठी तूच वाचणार, माहीत आहे मला. माझ्या हत्यारांचा डबा दाराशी भंगाराच्या पोत्यात सापडला. तो आता टेबलावर आहे आणि तिथेच राहील. पोतं रिकामं जायला नको, म्हणून तुझे सगळे स्क्रूड्रायव्हर त्यात भरून ठेवलेत.

आत्या