वळणावरची घंटी

१४ नोव्हेंबर
आज तीन पंक्चर. नदीकाठ निसर्गरम्य आहे म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या सायकलवरून ती वेडी बाभूळ तुडवून बघावी. पंक्चरवाल्या हनीफभाईंनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले आणि म्हणाले, "मास्तर, ये ट्यूब है या चाळणी? नक्को जाव उदर." जायला नको कसं? सीनेकाठच्या नव्या उद्यानासाठी सायकलचे चार मार्ग आखून द्यायचे कबूल केलंय, फेब्रुवारीअखेर. दोन झाले. चौथा सोपा आहे. तिसरा (मा. ३) छळतोय. बोरखेडपर्यंत नदी सोबत असते, पुढे परत यायला हायवेशिवाय वाट नाही. ट्रकच्या धुरात कोण काय बघणार? उद्यानाच्या साहेबांचं एकच पालुपद, लूप पाहिजे, फिरून सुरुवातीलाच यायला हवं, लूप नसेल तर मा. ३ रद्द. मा. ३ म्हणजे अख्खी नदी. ती गेली तर उरलं काय, बाभळी.
चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला काही काढायला सांगितलंय. हे इथेच लिहितो, बाहेर बोलायचं नाही.

२१ नोव्हें.
सापडलं!
बोरखेडच्या खाली बंधारा आहे. त्याच्यापुढे नदी वळते, तिथून दीड किलोमीटर काठाकाठाने पाऊलवाट. करंजाची झाडं, गर्द सावली, खाली संथ डोह. सोलापूर जिल्ह्यात हे असेल यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आणि वाटेवर काटा नाही, एकसुद्धा. झाडून ठेवल्यासारखी वाट. पुढे ती थेट मा. १ ला मिळते. लूप झाला.
वळण आंधळं आहे म्हणून सवयीने घंटी वाजवली, चांगली दोन-तीनदा. पलीकडे चिटपाखरू नाही. एक सपाट दगड ओला होता, म्हैस बसून गेली असणार. दुपारचे सव्वाबारा. वहीत लिहिलं: निर्जन.
फाट्यावर शांताबाईंच्या टपरीत चहा. त्या बोरखेडच्याच. त्या वाटेला कोणी येतं का, विचारलं. स्टोव्हवरून मान न उचलता म्हणाल्या, "कोन येतंय तितं."

५ डिसें.
पुन्हा तिथे. चार फोटो, अंतर मोजलं. वळणावर घंटी. सामसूम.
एका गोष्टीने डोकं फिरलं. शाम्पूच्या पुड्या, मोडका कंगवा, फडक्यात अर्धी भाकरी. माणूस फिरकत नाही अशा जागीसुद्धा कचरा टाकायला लोक बरे पोचतात. कचरापेटीची सूचना घातली. साहेबांना अंतरिम रिपोर्ट पाठवला. 'निर्जन व नितांत शांत पट्टा' असं लिहिलं, खाली रेघ मारली.

१९ डिसें.
बोरखेडला बैठक. मंडळी सतरंजीवर, बाया मागे भिंतीला टेकून उभ्या. त्या पट्ट्याबद्दल विचारलं तर सगळ्यांचं एकमत, "तितं काय बी न्हाय वो, मोकळंच पडलंय." भिंतीकडून आवाज नाही. मला वाटलं, लाजताहेत.
साहेब रिपोर्टवर भलतेच खूश. तिथे व्ह्यू डेक करायचा म्हणतात. पेव्हर ब्लॉक, बाकडी, सेल्फी पॉइंट. पेव्हर ब्लॉक मला पसंत नाही, पण लूप मंजूर होतोय म्हणून मान डोलावली.

९ जाने.
हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.
बारा वाजता वळण, घंटी, पलीकडे कोणी नाही. वाटेच्या मधोमध एक चप्पल. निळ्या पट्ट्याची, एकाच पायाची. म्हटलं झालं, आता चपलाही टाकायला लागले. चिडून कॅरिअरला अडकवली, राहिलेलं मोजमाप उरकलं आणि टपरीवर गेलो. शांताबाई नुकत्याच कुठूनतरी आल्या होत्या, दम लागलेला, केस ओले. चप्पल त्यांच्यासमोर धरली आणि तुमच्या गावाला नदीत घाण करायची सवयच आहे वगैरे बरंच बोललो. मास्तरकीची सवय.
त्यांनी ऐकून घेतलं. मग चप्पल माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली, आणि पायात घातली. दुसऱ्या पायात तसलीच होती.
"घंटी वाजली. गडबडीत ऱ्हायली," म्हणाल्या.
मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. सकाळची खुरपणी आटपली की गावातल्या पंधरा-वीस जणी तिथे जातात. धुणं, अंघोळ, डोक्यावरचा पदर काढून केस मोकळे सोडून बसणं. एक म्हातारी अजून पोहते. गड्यांना पार आहे, चावडी आहे, माझी ही टपरीसुद्धा त्यांचीच म्हणाल्या, आमचं तेवढंच. काटे त्याच वेचतात. गड्यांना पत्ता नाही, कारण त्या वेळेला सगळे जेवून आडवे झालेले असतात.
"तुमी आलात की आमी उटतो. लांबनं वाजवता ते बरं हाय, येळ मिळतो."
तुम्ही मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. काय प्रश्न आहे.
"आमचं नाव कुटं काडू नका मास्तर. गड्यांना कळलं की संपलं."

१० जाने.
बायकोला सांगितलं. तिला आश्चर्य बिलकुल वाटलं नाही. म्हणाली, "तुम्ही अंतर मोजलंत, सावली मोजलीत. दुपारी बारा वाजता बायका कुठे असतात, हे विचारावंसं नाही वाटलं?"
चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो, दिसतं ते काढा. ओला दगड दिसला, मी त्याच्यावर म्हैस बसवली. स्वतःची लाज वाटते आहे.

१६ जाने.
कार्यालय. पट्टा काढून टाका म्हणालो. कारण? काटे फार. साहेब म्हणाले, जेसीबी लावून साफ करू. माझ्याच रिपोर्टात 'एकही काटा नाही' असं लिहिलेलं आहे हे त्यांनी वाचलेलं नाही, एवढं नशीब.

२३ जाने.
साप आहेत म्हणालो. फलक लावू म्हणाले.

२ फेब्रु.
पाणी सोडल्यावर वाट बुडते म्हणालो. रेलिंग लावू. वर, "मास्तर, तुम्हीच तर शोधलंत, आता तुम्हालाच काय झालं?" असेल ते कारण लेखी द्या म्हणाले. खरं कारण लेखी दिलं की ते फाइलमध्ये, फाइल ग्रामपंचायतीत, ग्रामपंचायत पारावर. न द्यावं तर पेव्हर ब्लॉक. खोटी कारणं माझ्याकडची संपली. या सगळ्यात राग कुणावर काढायचा तेही कळत नाही. 'निर्जन' हा शब्द माझा आहे.

११ फेब्रु.
उसामागच्या गाडीवाटेने लूप जमतो का बघितलं. जमतो. वीटभट्टी, उकिरडा, चार पंक्चर. हनीफभाईंनी या वेळी न विचारता नवी ट्यूब घातली. तरी नकाशा काढून नेला. साहेबांनी अर्धा मिनिट बघितला. २० तारखेला साइट व्हिजिट, सोबत बोरखेडचे चार पुढारी. दुपारी बाराला. मी सायकलवर पुढे राहून वाट दाखवायची.

१२ फेब्रु.
डोक्यात एकच चाललंय. वळणावर घंटी वाजवली तर त्या उठून जातील, आणि साहेबांना अगदी माझ्या रिपोर्टबरहुकूम जागा दिसेल. निर्जन, शांत. डेक पक्का. नाही वाजवली तर साहेब आणि गावचे चार गडी सरळ त्यांच्यात जाऊन उभे राहतील.
साहेबांना वेळ बदलून मागितली. नाही म्हणाले.

१८ फेब्रु.
टपरीवर जाऊन शांताबाईंना सगळं सांगितलं. तारीख, वेळ, कोण कोण येणार. त्या दिवशी तुम्ही येऊच नका म्हणालो. आणि रिपोर्ट माझाच होता, तेही सांगून टाकलं. वाटलं होतं, चार शब्द ऐकवतील. बरं झालं असतं.
त्यांनी गाळणी आपटून चोथा टाकला. "बायांत बोलते," एवढंच.

१९ फेब्रु.
आज मुद्दाम गेलो, फाट्यापर्यंतच. चहा पुढे ठेवून शांताबाई म्हणाल्या,
"बायांत बोलनं झालंय. उद्या घंटी वाजवू नका."
म्हणजे काय करणार आहात, विचारलं. गावातलेही असतील, कळणार सगळं, पुन्हा सांगितलं.
"म्हायती हाय की. आमी उटनार न्हाय. तुमी वाजवू नका, बास."
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा चहा गाळायला लागल्या. मी चहाचे पैसे ठेवून निघालो.

२० फेब्रु. सकाळ
साहेबांची गाडी फाट्यावर पावणेबाराला येणार. नऊला निघालो. हँडलवर अंगठा सारखा घंटीकडे जातो. इतक्या वर्षांची सवय, वळण आलं की आपोआप वाजते. अंगठ्याचा भरवसा नाही म्हणून वाटेत हनीफभाईंच्या दुकानाशी थांबलो, पाना मागितला. कशाला, त्यांनी विचारलं. घंटी काढायचीय म्हणालो. "चालू है ना, फिर कायको?" पाना घेऊन मीच नट सोडवला.
इथेच बाकड्यावर बसून लिहितोय. घंटी खिशात आहे.