कॅसेटमधला कागद मी कसा वाचला

अण्णा, तुमचा तो अमेरिकेचा गाणारा गेला. परवा मोबाईलवर बातमी वाचली. चांगला म्हातारा होऊन, आपल्या घरच्या माणसांत गेला. तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, तरी पहिलं मनात आलं ते हेच की, अण्णांना सांगायला हवं. मग आठवलं, त्याच्याबद्दल तुम्हाला जे काही ठाऊक होतं ते सगळं मीच सांगितलेलं होतं, आणि ते खोटं होतं.

तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण तुमचं गाणं दोन रांगा पलीकडे पोचायचं. टॉवेल बघायला आलेला अमेरिकेचा साहेब त्यामुळेच तुमच्यापाशी थांबला. तुम्ही मागाखाली आडवे, हातात पाना, तोंडात अभंग. तो तसाच उभा राहून ऐकत राहिला आणि जाताना स्वतःच्या टेपमधली कॅसेट काढून डबीसकट तुमच्या तेलकट हातात देऊन गेला. तुम्ही ती घरी आणून देवापुढं ठेवलीत. आईनं उचलून फडताळात टाकली. "देवाला कशाला इंग्रजी?" म्हणाली. कॅसेटमधल्या त्या गाणाऱ्याची गाणी त्यांच्याकडच्या खेड्यापाड्यातली, शेताची, लांबच्या रस्त्याची, घरच्या ओढीची. एक शब्द कळत नसताना तुम्ही म्हणायचात, "ह्यो आपल्यातलाच हाय. गळा बघ की, उन्हात वाळल्यावानी."

त्याच साली शहरातला एक ऑर्केस्ट्रावाला तुम्हाला गायला न्यायला आपल्या घरी आला. महिन्यातले वीस दिवस दौरा, विजापूर, लातूर, थेट हैदराबादपर्यंत. कारखाना सोडावा लागणार होता. आई विड्या वळत सगळं ऐकत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. "गळा तुमचा हाय, तुमचं तुमी बघा," एवढंच म्हणाली. आणि तुम्ही पडलात जॉबर! नवीन मशीन आलं की आधी त्याची पुस्तिका वाचून घ्यायची, मगच पाना लावायचा, हा तुमचा नेम. ऑर्केस्ट्राची पुस्तिका कुठून मिळणार? तुम्ही कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद काढलात आणि माझ्यापुढं धरलात. "ह्यात त्येचं सगळं लिवलंय म्हणं. ह्येनं घर कसं सांबाळलं, पोरंबाळं कुटं ठेवली, नीट वाच आन् सांग. मग मी ऑर्केस्ट्रावाल्याला सांगतो काय ते."

मी तेव्हा नववीत. मशीनच्या पुस्तिका तुम्हाला मीच वाचून दाखवायची. एकदा दोन ओळी समजल्या नाहीत, तर मी मनानंच काहीतरी ठोकून दिलं होतं. ते तुमच्या लक्षात आलं. तुम्ही मला कधी हात लावला नाहीत, पण त्या दिवशी असे बोललात की मी जेवले नाही. "येत न्हाय म्हण की! येत न्हाय म्हणायला लाज कसली? तुजं ऐकून मी पट्टा लावला आन् कुनाचा हात गेला तर?" हे सगळं ठाऊक असून मी पुढचं केलं, म्हणून ते जास्त वाईट आहे.

शब्दकोश घेऊन मी दोन दिवस बसले. कागदात स्वच्छ लिहिलं होतं. हा माणूस चाळिशीपर्यंत ट्रक चालवत होता. बायकोनंच त्याला पहिल्यांदा स्टेजवर चढवलं. पुढं एक जुनी बस घेऊन सगळं कुटुंब त्याच्याबरोबर गावोगाव फिरलं, आणि थोरली मुलगी त्याच्या शेजारी उभी राहून गायला लागली.

संध्याकाळ आहे. तुम्ही रॉकेलनं हात धुऊन माझ्या समोर मांडी घालून बसला आहात, शाळेतल्या मुलासारखे. मी कागदावर बोट ठेवून वाचते आहे. गाण्यापायी यानं घर सोडलं. तो दौऱ्यावर असताना बायको वारली. परत आला तर पोरांनी त्याला ओळखलं नाही. म्हातारपणी म्हणाला, माणसानं घर सोडू नये. तुम्ही उठलात. मग कॅसेट लावलीत, डोळे मिटून एक गाणं ऐकलंत. "व्हय की," म्हणालात, "आवाजातच हाय ते. रडतंय बिचारं." दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रावाल्याला नाही म्हणून सांगून आलात.

तिथंच थांबला असतात तर बरं. पण घर सोडून पुण्याला, भिवंडीला कामाला निघालेल्या प्रत्येकाला तुम्ही कारखान्याच्या गेटावर गाठायचात. "त्या अमेरिकावाल्याचं काय झालं, ठावं हाय का?" दर वर्षी त्याची हालत आणखी वाईट व्हायची. शेवटी शेवटी तर तुम्ही त्याला आंधळा केला होतात. मला हसू यायचं. कारखाना बंद पडला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता गायला मोकळा झालो बघ," आणि खोकला आला. सूर लागेना. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

परवा त्याचं पुढचं आयुष्यही वाचून काढलं. ज्या इंग्रजीनं तुम्हाला फसवलं तीच शाळेत शिकवून मी आज पोट भरते, त्यामुळं आता शब्दकोश लागत नाही. पुढं त्याला दारू लागली, बायको सोडून गेली, काही वर्षं मुलांशी बोलणं नव्हतं. हे वाचून मला बरं वाटलं, अण्णा. कुणाच्या तरी मोडलेल्या संसाराचं वाचून बरं वाटावं, इतकी मी अजून सुटकेची वाट शोधते आहे. पण तो गात राहिला, हेही तिथंच लिहिलंय. ते तुमच्या वाट्याला आलं नाही आणि ते माझ्यामुळं.

हे पत्र मला कुठं टाकायचं नाही. माफी मागायला म्हणून लिहायला बसले होते, आता थांबते, कारण ती मागता येत नाही. तुम्ही रोज संध्याकाळी घरी होतात. माझी गणितं तपासत होतात, आईला विड्यांची पानं कापून देत होतात, उगीच भांडत होतात. मला तेवढंच हवं होतं. आज तो कागद पुन्हा माझ्या हातात दिलात, तर मी तो तेव्हा वाचला तसाच वाचीन.